घरी न्या, सेवा करा

२०११ च्या मार्चमधली गोष्ट. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, ओपीडीच्या दारात उभ्या उभ्या डॉक्टरांनी माझ्या भावाच्या हातात फाईल दिली आणि म्हणाले, "आता इथं ठेवून काही उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा." भावानं मान हलवली. काय विचारायचं असतं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मागं रांग उभी होती.

आप्पांना घशाचा कॅन्सर होता. पस्तीस शेक, म्हणजे रेडिएशन, झाले, केमो झाली आणि सहा महिन्यांत गाठ परत आली. औसा तालुक्यातल्या आमच्या माळवदाच्या घरात, ओसरीवर बाज टाकून त्यांना ठेवलं. सेवा कशी करायची हे आपल्याला येतं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. पाय चेपायचे, अंग पुसायचं, दुधात भाकरी कुस्करून भरवायची, उशाशी बसायचं. मायनं हे सगळं रात्रंदिवस केलं. पण आप्पांचं दुखणं त्या सेवेनं हलत नव्हतं. ते उशीचा कोपरा दातात धरायचे. शेवटी शेवटी त्या उशीची खोळ एका कोपऱ्यात चाळणीसारखी झाली होती. ती खोळ मायनं अजून टाकलेली नाही.

गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एका गोळीचं नाव लिहून दिलं होतं. भाऊ दोनदा लातूरला जाऊन आला. प्रत्येक दुकानात चिठ्ठी बघून परत दिली जायची, "आम्ही ठेवत नाही." ती गोळी मॉर्फिनची होती, हे मला नंतर कळलं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ती ठेवायची तर एकापेक्षा जास्त खात्यांचे परवाने लागायचे. एक हातात पडेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची, म्हणून बहुतेकांनी ठेवणंच सोडून दिलं होतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यता मिळालेल्या दवाखान्याला एकाच यंत्रणेकडून परवानगी घेणं पुरेसं झालं. आप्पा त्याच्या तीन वर्षं आधी गेले. घरी आणल्यापासून सत्तेचाळीसाव्या दिवशी.

"घरी न्या, सेवा करा" या वाक्याच्या पुढचं वाक्य सांगायला कुणीतरी असायला हवं होतं. गेली आठ वर्षं मी तेच काम करते. एक डॉक्टर, एक नर्स, मी आणि गाडी चालवणारे मामा, एवढी आमची टीम. ज्यांचा कॅन्सर बरा होण्याच्या पलीकडे गेलाय त्यांच्या घरी आम्ही जातो. कागदावर माझं पद समुपदेशक असं आहे. गावात मला 'गोळ्यावाल्या मॅडम' म्हणतात, आणि त्याला माझी काही हरकत नाही.

घरात गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी आजाराबद्दल बोलत नाही. चप्पल बाहेर, बाजेच्या उंचीला येईल असं खाली बसायचं, दिलेलं पाणी प्यायचं. शेत किती, यंदा सोयाबीनला काय भाव लागला, लेकी कुठं दिल्या. याला कुणी वेळ घालवणं म्हणेल. पण बाजेवरचा माणूस महिनोन् महिने फक्त फाईल झालेला असतो. 'स्टेज फोर', 'तिसऱ्या सायकलचा पेशंट' असंच त्याच्याबद्दल बोललेलं त्यानं ऐकलेलं असतं. कुणीतरी त्याला त्याच्या विहिरीबद्दल विचारलं की तो उशीवरून मान उचलतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता विहिरीपासूनच सुरुवात करते.

मग दाराशी, चुलीपाशी किंवा गाडीपर्यंत सोडायला आलेलं कुणीतरी हळूच गाठतं. मुलगा असतो, भाऊ असतो, क्वचित बायको. "मॅडम, एक विनंती हाय. त्यांना काही सांगू नका. खचून जातील."

एका अण्णांच्या मुलानं मला हेच सांगितलं. अण्णांना जबड्याचा कॅन्सर. आयुष्यभर चुना-तंबाखू. गाठ गालातून बाहेर फुटलेली, नाकातून नळी टाकलेली, बोलणं नीट कळायचं नाही. मुलगा म्हणाला, "त्यांला वाटायलंय दाढंचं इन्फेक्शन हाय. तसंच वाटू द्या." तो खोटं सांगत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. ज्या माणसाचा अर्धा गाल गळून पडलाय, ज्याला मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला नेऊन आणलंय, ज्यानं तिथल्या ओळीत आपल्यासारखेच शंभर चेहरे पाहिलेत, त्याला काही माहीत नाही, असं त्याच्यावर जीव असलेल्या सगळ्यांना वाटत होतं.

मी अशा वेळी वाद घालत नाही. "तुम्ही त्यांना जपताय, ते मला दिसतंय," एवढं म्हणते, आणि एक वचन देते: त्यांनी विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. हे वचन मला एका चुकीनं शिकवलं. कामाच्या पहिल्या वर्षी, खरं बोललंच पाहिजे या भरात, एका ताईला तिनं विचारलेलं नसताना मी तिच्या दिवसांबद्दल बोलले. तिनं भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या तिन्ही भेटींत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि चौथ्या भेटीच्या आधी गेली. तिला जेवढं ऐकायचं होतं तेवढंच सांगायचा माझा अधिकार होता. बाकीचं मी तिच्यावर लादलं. त्या घराच्या रस्त्यानं जाताना आजही मला ते आठवतं.

म्हणून अण्णांना मी एवढंच विचारलं, "अण्णा, तुम्हाला काय वाटायलंय, काय झालंय?" त्यांनी नातवाची पाटी ओढून घेतली. बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले. मग लिहिलं, "येळवस बघतो का मी?"

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी आमच्याकडे गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात असतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, पाच पांडव मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यात आंबवलेली, ताकातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहानं बोलावून नेतो. अण्णांनी दिवाळी विचारली नव्हती, येळवस विचारली होती. तीन आठवडे उरले होते.

मी म्हणाले, "अण्णा, मला नक्की सांगता येत नाही. जमेल असं वाटतंय, पण तब्येत दर आठवड्याला खाली जायलीय. तुम्हाला काय वाटतंय?" त्यांनी तळहात आडवा धरून डावी-उजवीकडे हलवला. मग पाटी पुसली आणि दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बघत लिहिलं, "त्याला सांगू नका. खचंल."

मुलगा गोठ्यात जाऊन रडला. मी त्याच्या मागं गेले नाही, त्याची बायको गेली. त्या संध्याकाळपासून त्या घरात दोन-दोन माणसं कुजबुजायची थांबली. पुढच्या भेटीत अण्णांनी मुलाला पाटीवर सोसायटीचं कर्ज किती, चुलतभावाबरोबरच्या विहिरीत आपली पाळी कोणत्या वारी, कुणाला उसने दिलेले पैसे मागायचे नाहीत, हे सगळं लिहून दाखवलं. मुलगा ते वहीत उतरवून घेत होता. बरं होणार या एकाच विषयावर बोलायची सक्ती असती तर हे कधी झालंच नसतं.

पण बोलायला आधी दुखणं कमी व्हावं लागतं. वेदनेनं कळवळणाऱ्या माणसाचं समुपदेशन होत नाही. म्हणून गोळीचं सांगते, जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची आहे आणि ती भीती माझ्या बापाला भोवली.

अण्णांच्या बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं, "ही अफूची गोळी हाय म्हणं?" मी सांगितलं, हो मावशी, अफूचीच आहे. आपल्याच देशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्यानं खसखशीची शेती होते, त्या अफूपासून मॉर्फिन काढतात. लपवलं तर विश्वास बसत नाही. मग पुढचे प्रश्न येतात आणि ते रास्त असतात. सवय लागंल का? दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मापानं घेतलेल्या गोळीनं माणूस नशेच्या मागं लागत नाही. शेक घेऊन दुखणं कमी झालेल्यांच्या गोळ्या आम्ही हळूहळू कमी करत बंद केल्यात. आत्ताच दिली तर शेवटी काही उरंल का? उरतं. या औषधाला पॅरासिटामॉलसारखी ठरलेली वरची मर्यादा नाही. दुखणं वाढलं तर डॉक्टर माप वाढवतात. लवकर मरण येतं का? बरोबर मापात दिली तर नाही.

साधी गोळी चार तासच चालते. म्हणून दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता द्यायची. दुखल्यावर द्यायची ही आपली सवय इथं उपयोगाची नाही, कारण एकदा वर चढलेलं दुखणं खाली आणायला जास्त औषध लागतं. रात्री झोपताना डॉक्टर बहुधा दुप्पट माप लिहितात, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मध्येच कळ आली तर जादाचा डोस किती आणि किती वेळानं, हे चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. पहिले दोन-तीन दिवस पेंग येते, मळमळतं, ते बहुतेकांचं जातं. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. गोळी चालू आहे तोवर जुलाबाचं औषधही रोज चालू ठेवायचं. खडा होऊन पोट फुगलेला माणूस 'गोळीनं त्रास झाला' म्हणून गोळीच बंद करतो आणि पुन्हा उशी चावायला लागतो. हे घडू नये म्हणून आमच्या नर्सताई प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न संडासचा विचारतात. आता गावातल्या बायका फोन उचलल्या उचलल्या "झाली हो सकाळी" म्हणतात.

गोळ्या कुलूपबंद डब्यात. पोरांच्या हाताला लागू नयेत, आणि शेजारच्या कुणाच्या कंबरदुखीला एकही द्यायची नाही. मोजून येतात, मोजून जातात.

अक्षरओळख नसलेल्या घरासाठी मी पुठ्ठ्यावर चित्रं काढते. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, दिवेलागण, चंद्र. प्रत्येकाखाली गोळीचं रिकामं कव्हर चिकटवते. अण्णांच्या सुनेनं त्यात स्वतःहून एक भर घातली. पहाटेच्या गोळीसाठी तिनं दूध काढायची चरवी काढली. तिचं चित्र माझ्या सूर्यापेक्षा पक्कं होतं.

येळवसच्या आदल्या दिवशी आम्ही चौघांनी आणि त्या घरानं मिळून जे केलं ते सांगायला मला आवडतं. जखमेला वास होता. माणसांत बसायचं म्हणजे त्याचीच त्यांना लाज वाटायची. अशा जखमेवर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची बारीक पूड शिंपडली की वास पुष्कळ कमी होतो, आणि ती गोळी साध्या मेडिकलवर चिठ्ठीवर मिळते. नर्सताईंनी ड्रेसिंग सकाळी सातला करायचं ठरवलं. पुतण्याच्या जीपमध्ये मागची सीट काढून गादी टाकली. निघायच्या अर्धा तास आधी जादाचा डोस. सुनेला नळीतून भरवायचं शिकवलेलंच होतं, डोकं उंच ठेवून, सावकाश, नंतर साधं पाणी सोडून नळी धुवायची. तिनं विचारलं, "आंबील चालंल का नळीतनं?" डॉक्टर म्हणाले, दोनदा मलमलच्या फडक्यातून गाळा, पातळ करा, चालंल.

अण्णांना बांधावर चिंचेखाली बसवलं होतं. मुलानं आंबीलाचं मडकं डोक्यावर घेऊन रानाला फेरी मारली, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत शिवारभर शिंपडलं. अण्णांचे ओठ हलत होते. मग सुनेनं नळीतून आंबील दिली आणि मावशींनी पदराच्या टोकानं एक थेंब त्यांच्या जिभेला लावला. मी तिथं अर्धा तास होते. पुढची घरं थांबलेली होती. अण्णा त्यानंतर अकरा दिवसांनी गेले, घरी, झोपेत.

सगळीकडे असं होत नाही. एका घरात आम्ही पोचलो तेव्हा माणूस गेल्याला दोन तास झाले होते. एका घरानं आम्हाला दारातूनच परत पाठवलं. एका बापानं तीन एकरांतला एक एकर विकून पोराला शेवटच्या पंधरा दिवसांत कुठल्याशा खाजगी ठिकाणी नेलं, आणि पोरगं घराचं नाव घेत तिथंच गेलं. मी त्या बापाला दोष देत नाही. त्याला "आता उपचार नाहीत" एवढंच ऐकवलं होतं, आणि लेकरू समोर असताना कुठला बाप एवढ्यावर थांबेल? गाठीवरचे उपचार थांबले तरी माणसावरचे थांबत नाहीत, दुखणं, दम, उलटी, जखम, झोप या प्रत्येकासाठी करण्यासारखं असतं, हे त्याला आधी दोन महिने कुणी बसून सांगितलं असतं तर तो एकर राहिला असता आणि पोरगं घरी असतं.

आणि कधी गोळी अपुरी पडते. लोहारा तालुक्यातल्या एका आजीचं सांगते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, पोटात पसरलेला. दिवसा आजी बरी असायची, रात्री अडीच-तीनला उठून ओरडायची. डोस वाढवला, दिवसाची पेंग वाढली, रात्रीचं ओरडणं तसंच. तिसऱ्या भेटीत मी घरच्यांना बाहेर पाठवून नुसती बसून राहिले. आजी म्हणाली, "माय, मला माघल्या खोलीत कामून टाकलंय?" आजारी माणसाला शांतता हवी म्हणून मुलांनी तिची बाज आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत नेली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, आजी अशाच एका खोलीत होती. गणपती बसवून विसर्जन केल्यानंतरची ती रात्र. तिचा नवरा आणि धाकटी लेक मातीखाली गेले, तिला दुपारी बाहेर काढलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती पावसाळा सोडून घरात झोपलीच नव्हती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कॅन्सरच्या गडबडीत विसरून गेलं होतं.

बाज ओसरीवर आली, डोक्यावर पत्रा, समोर आभाळ. दोन रात्रींत ओरडणं थांबलं आणि डॉक्टरांनी वाढवलेला डोस मागं घेतला. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर. त्यांनी 'टोटल पेन' म्हणून सांगितलंय, की शरीराचं, मनाचं, घरच्या काळजीचं आणि देवाशी असलेलं भांडण, हे सगळं मिळून एकच दुखणं होतं. प्रशिक्षणात मी ते पाठ केलं होतं. कळलं त्या ओसरीवर.

त्याच आजीमुळे एक गोष्ट मनातून जात नाही. तिच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या गटात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या विषाणूची, तपासणी आयुष्यात एकदाच केली, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. जगभरात त्या अभ्यासाचा दाखला देतात. त्या काळात आजी चाळिशीत होती. मी तिला विचारलं, तपासणीची गाडी गावात आली होती का? म्हणाली, "आली असंल बाई. मी रानात असन." तिच्या दोन्ही सुनांना मी स्वतः तपासणीला घेऊन गेले. आजीनं ते मला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

माझ्या दिवसाचा निम्मा भाग मात्र फोन आणि कागद यातच जातो, आणि मी त्याला कमी लेखत नाही. पेशंटची फाईल तीन दवाखान्यांत फिरलेली असते आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी एका वहीत मराठीत सगळं लिहिते: काय झालंय, काय दिलंय, कशाची ॲलर्जी, कुणाला फोन करायचा. ती वही बाजेखाली राहते. गावचे डॉक्टर आले तर त्यांनी तीच बघायची. आशाताईंचा नंबर पहिल्या पानावर. हाडात पसरलेल्या दुखण्याला कधी कधी एकाच बैठकीत दिलेला शेक पुरतो, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात विचारून तारीख घ्यायची, म्हणजे माणूस तीन दिवस व्हरांड्यात पडून राहत नाही. परळला जाणं खरोखर गरजेचं असेल तर रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म: उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण माफी, सोबतच्या एकाला त्यातच ७५ टक्के. लातूर एक्सप्रेसनं जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांना हे माहीत नसतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ताही मी त्याच कागदावर लिहून देते.

महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, केमो, शेक बसतात, तिथं आरोग्यमित्राला गाठायचं. पण घरी आल्यानंतरचा खर्च, गाडीभाडं, पट्ट्या, बुडालेली मजुरी, हे त्या कुटुंबाच्याच अंगावर पडतं. ज्यांचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत आहे आणि वय ६५ च्या खाली, त्यांच्यासाठी तहसीलमध्ये संजय गांधी निराधारचा अर्ज करता येतो. कॅन्सरचा त्यात समावेश आहे. महिना १,५०० रुपये. मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यातच भरायचा. कितीदा मंजुरीचं पत्र माणूस गेल्यावर आलंय. ती पत्रं घरच्यांना वाचून दाखवणं हे या कामातलं मला सगळ्यात जड जाणारं काम आहे.

माणूस घरी गेला की ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करायची, हे मी आधीच एखाद्या शांत माणसाला सांगून ठेवते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ मधला असेल तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्याचे २०,००० मिळू शकतात, त्यालाही तीच नोंद लागते. रडत्या घरात हे बोलणं कठोर वाटतं. पण तेराव्यानंतर ज्या बाईला तहसीलच्या पायऱ्या चढायच्या आहेत तिच्या बाजूनं मी ते बोलते.

एकदा एका आईच्या शेवटच्या दिवसांत मुलगा-सून कर्नाटकात ऊसतोडीला होते. उचल घेतलेली, कोयता सोडता येईना. मी मुकादमाला फोन लावला, मनात भांडायची तयारी ठेवून. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, माझी माय बी अशीच गेली." त्याच रात्री त्यानं आपल्या मोटरसायकलवर मुलाला एसटीपर्यंत सोडलं.

माय मधूनमधून विचारते, आज कुठं गेली होतीस. मी सांगते. ती ऐकते आणि शेवटी एकच विचारते, "त्यांला गोळी मिळाली का?" मिळाली म्हटलं की तिचं समाधान होतं आणि ती भाकरी थापायला उठते.

अण्णांचा मुलगा तेराव्यानंतर चौथ्या दिवशी आमच्या खोलीवर आला. उरलेल्या गोळ्या परत आणायच्या असतात. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून पाकीट काढलं, टेबलावर मोजून ठेवल्या, चौदा. नर्सताईंनी रजिस्टरला सही घेतली. तो उठला नाही. चहा आला, प्याला. मग खिशातून चिठ्ठी काढली.

"आमच्या पलीकडच्या गावात एक मावशी हाय. काल मोठ्या दवाखान्यातनं आणली. घरी न्या म्हणले. मी त्यांच्या पोराला सांगितलंय, मॅडमला फोन कर, पण त्येला काय बोलावं सुचंना. म्हणून मीच आलो."

मी वही उघडून गावाचं नाव लिहिलं, पोराचा नंबर लिहिला, दुखणं कुठं आहे ते विचारलं. गाडीवाले मामा दारातून म्हणाले, रस्ता कसा आहे तिकडं?

"पुलाचं काम चालू हाय," तो म्हणाला. "पुलाच्या अलीकडंच डावीकडं कच्ची वाट हाय, तिकडनं या. मी उभा राहतो फाट्यावर."